पोटगी आणि वाटा
(प्रस्तावना)

आपल्याकडे भांड्यांवर नावे कोरतात. लग्नात आलेल्या हंड्यावर, परातीवर, पाण्याच्या पिंपावर कोणी दिले, कोणाला दिले, कोणत्या तारखेला दिले, हे भांड्यांच्या दुकानातला माणूस टकटक करत लिहून देतो. कुटुंब न्यायालयात समुपदेशक म्हणून काम करू लागले तेव्हा या कोरीव अक्षरांचे मोल मला पहिल्यांदा कळले. समोर बसलेल्या बाईंच्या हातात चार पानी यादी होती. तांब्याचा बंब एक, पितळी परात दोन, स्टीलचे डबे चौदा, पुरणयंत्र एक, गोदरेजचे कपाट एक. लग्नाला सव्वीस वर्षे झाली होती. डब्यांवर नावे होती, म्हणून डबे पाच मिनिटांत सुटले. बंबावर नाव नव्हते. तो माहेरचा की सासरचा, यावर दुपार गेली.

त्या यादीत घर नव्हते. उपनगरातला दोन खोल्यांचा फ्लॅट, लग्नानंतर अकराव्या वर्षी घेतलेला. पहिला हप्ता भरायला तिच्या पाटल्या मोडल्या होत्या आणि पुढे पंधरा वर्षे ती डबे करून घरखर्च भागवत होती, म्हणून त्याच्या पगारातून कर्ज फिटले. हे तिनेच बोलता बोलता सांगितले. मी विचारले, मग घराचे काय? ती सहज म्हणाली, "ते ह्यांच्या नावावर आहे ना, मॅडम." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. सूर्य पूर्वेला उगवतो म्हणावे, तसे ते वाक्य होते.

या पुस्तकाची मुद्रिते वाचताना तीच बाई डोळ्यांपुढे येत राहिली. विभक्त होणाऱ्या नवरा-बायकोंनी मालमत्तेची वाटणी न्याय्य रीतीने कशी करावी, हा या पुस्तकाचा विषय. मराठीत लग्न जमवण्यावर आणि टिकवण्यावर पुष्कळ लिहिले गेले. मोडलेल्या संसाराचा हिशेब कसा करावा, हे मात्र लोक वकिलाच्या ऑफिसात, नातेवाइकांच्या बैठकीत किंवा पोलीस चौकीच्या बाकावर शिकतात, आणि तोवर बहुतेकांच्या सह्या होऊन गेलेल्या असतात.

सुरुवात एका शब्दापासून करते. पोटगी. या शब्दात पोट आहे. ज्याला खायला घालायचे त्याच्या पोटापुरते द्यायचे, म्हणून पोटगी. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यातली 24 आणि 25 ही कलमे, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले 125 आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेतले 144, ही सगळी पोटगीची कलमे. त्यांनी लाखो बायकांना आणि मुलांना जगवले आहे. त्यांना कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. पण पोटगी मागणाऱ्याला आधी आपली गरज सिद्ध करावी लागते. माझ्याजवळ काही नाही, मला चालवता येत नाही, हे शपथेवर सांगावे लागते. पुन्हा लग्न केले तर ती थांबू शकते, परिस्थिती बदलली तर कमी होऊ शकते. देणारा देतो, घेणारी घेते. भावाभावांत शेत वाटले जाते तेव्हा धाकट्याला कोणी विचारत नाही की, तुझे पोट भरते का? त्याचा वाटा असतो, म्हणून तो मिळतो. नवरा-बायकोंच्या बाबतीत महाराष्ट्रातल्या कायद्याकडे पोटगी आहे, वाटा नाही. या पुस्तकातले प्रत्येक प्रकरण कुठून तरी फिरून याच जागी येते.

डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कायमस्वरूपी पोटगीचा उद्देश नवरा-बायकोची संपत्ती समान करणे हा नाही. हे वाचून अनेक जणी हिरमुसल्या. मला त्यात न्यायालयाची चूक दिसत नाही. पोटगीच्या कलमातून वाटा काढता येत नाही, हेच न्यायालय सांगते आहे. वाट्यासाठी वेगळा कायदा लागतो, आणि तो करण्याचा एक प्रयत्न झालाही होता. विवाह कायद्यात दुरुस्ती करणारे 2010 चे विधेयक राज्यसभेने ऑगस्ट 2013 मध्ये मंजूर केले. त्यात संसार पूर्णपणे मोडला असेल तर घटस्फोट देताना पतीच्या मालमत्तेतून पत्नीला भरपाई देण्याची तरतूद होती. लोकसभेत ते मार्गी लागले नाही आणि 2014 मध्ये ती लोकसभा संपली, तसे विधेयकही संपले.

मग आज कायद्यात आहे तरी काय? हिंदू विवाह कायद्याचे 27 वे कलम आहे. लग्नाच्या वेळी किंवा त्या सुमारास भेट आलेली आणि दोघांच्या मालकीची असू शकेल अशी वस्तू कोणाकडे जावी, हे न्यायालय त्याखाली ठरवू शकते. म्हणजे ज्या भांड्यांसाठी आमची दुपार गेली, ती भांडी. त्यानंतरच्या सव्वीस वर्षांत दोघांनी मिळून जे उभे केले, त्याबद्दल हे कलम गप्प आहे.

स्त्रीधनाचे तसे नाही. 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने नि:संदिग्धपणे सांगितले की स्त्रीधन ही बायकोची पूर्ण मालकीची मिळकत आहे. ती सासरी राहायला गेली म्हणून त्या मिळकतीत नवऱ्याची भागीदारी होत नाही, आणि ठेवायला दिलेले दागिने परत न देणे हा विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा होऊ शकतो. अडचण पुराव्याची आहे. दागिन्यांच्या पावत्या सासऱ्यांच्या कपाटात, लॉकर सासूबाईंच्या नावावर, आणि लग्नातल्या फोटोत गळ्यातला हार दिसतो पण त्याचे वजन दिसत नाही. गंमत म्हणजे आपल्या लग्नांत याद्या करण्याची रीत जुनी आहे. कोणी काय द्यायचे, मानपान किती, याच्या याद्या बैठकीत होतात आणि त्यांवर सह्याही होतात. हुंडाबंदी कायद्याखालच्या 1985 च्या नियमांना हवी असते ती यादी वेगळी: लग्नात वधूला आणि वराला आलेल्या भेटींची, कोणी दिली आणि अंदाजे किंमत किती हे लिहिलेली, सह्या केलेली. पहिली यादी घरोघर होते. दुसरी मी इतक्या वर्षांत बोटांवर मोजण्याइतकीच पाहिली. लेकीचे लग्न करणाऱ्या आईबापांनी या पुस्तकातला त्या यादीचा नमुना तेवढा फाडून घेतला, तरी पुस्तकाचे पैसे वसूल झाले असे मी समजेन.

आता महाराष्ट्राची हद्द ओलांडून पलीकडे जाऊ. सावंतवाडीहून बांद्याला आलात की पत्रादेवीच्या नाक्यानंतर गोवा सुरू होतो. इकडची माणसे, तिकडची माणसे सारखीच. सोयरिकी होतात, जत्रेला जाणे-येणे असते, एक बहीण बांद्याला दिलेली तर दुसरी पेडण्याला. पण लग्नाच्या नोंदणीवर सही करताक्षणी या दोघी बहिणींच्या आयुष्यात मोठा फरक पडतो. पेडण्याची बहीण नवऱ्याच्या मालमत्तेत निम्म्याची मालकीण होते, आणि नवरा तिच्या.

गोव्यात 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता 1870 पासून लागू झाली. 1961 मध्ये गोवा मुक्त झाल्यावर पुढच्याच वर्षी झालेल्या कायद्याने जुने कायदे चालू ठेवले, आणि कुटुंबविषयक भाग बव्हंशी तसाच राहिला. तिच्यात लग्नाआधी करार करून मालमत्तेची पद्धत निवडण्याची सोय आहे: सगळे वेगळे ठेवायचे, की लग्नानंतर मिळवलेले तेवढे एकत्र धरायचे, वगैरे. असा करार केला नाही, आणि बहुतेक लोक करत नाहीत, तर सगळे सामायिक होते. लग्नाआधीचे, नंतरचे, वारशाने आलेले सुद्धा. प्रत्येकाचा त्यात अविभाजित अर्धा हिस्सा. घर किंवा जमीन विकायची तर खरेदीखतावर दोघांच्या सह्या लागतात. मुंबईहून गोव्यात जागा घ्यायला जाणाऱ्यांना विक्रेत्याची बायको सहीला का बसली आहे हे पहिल्यांदा कळत नाही. आयकर खात्यालाही हे मान्य करावे लागले आहे. या संहितेखालच्या जोडप्याचे पगाराव्यतिरिक्तचे उत्पन्न दोघांत निम्मे निम्मे धरून कर आकारायचा, यासाठी 1961 च्या आयकर कायद्यात 5अ हे खास कलम घालावे लागले. ज्या देशात बायकोच्या श्रमाला किंमत कशी लावायची यावर अजून परिसंवाद होतात, त्याच देशाच्या एका कोपऱ्यात कर भरण्याच्या अर्जावर ती विभागणी दरसाल होते आहे.

गोव्याचे गोडवे गाताना अनेकांचा तोल जातो, म्हणून दुसरी बाजूही सांगते. सामायिक मालमत्तेचा कारभार संहितेने नवऱ्याच्या हाती दिला. अर्धा वाटा कागदावर असूनही बँकेचे पासबुक कधी हातात न घेतलेल्या बायका तिथेही आहेत. वाटा कर्जातही असतो. नवऱ्याने धंद्यात खड्डा केला तर त्याची झळ त्या अर्ध्यापर्यंत पोचू शकते. आणि माहेरच्या वारशातला हक्क भावांसाठी सोडून देण्याचे दस्त तिकडेही होतात, डोळ्यांत पाणी आणून, आनंदाने केल्यासारखे. तरीही एक गोष्ट उरते. पेडण्याच्या बहिणीला न्यायालयात आपली लाचारी सिद्ध करावी लागत नाही. तिचे बोलणे निम्म्यापासून सुरू होते. बांद्याच्या बहिणीला शून्यापासून सुरुवात करावी लागते.

हे परकीयांनी आणलेले म्हणून आपले नव्हे, असे कोणी म्हणेल. आपले काय होते ते पाहू. आपस्तंब धर्मसूत्रात एक वचन आहे, की पती-पत्नीमध्ये विभागणी नसते. पुढे त्याचे कारण दिले आहे: पाणिग्रहणापासून दोघे कर्मात एकत्र असतात, पुण्यफळात एकत्र असतात आणि धन मिळवण्यातही एकत्र असतात. धन मिळवण्यातही! माझ्या मते संसाराच्या मालमत्तेबद्दल याहून स्वच्छ विधान क्वचितच कोणी केले असेल. मिळवले दोघांनी, म्हणून वेगळे काढता येत नाही. याच वचनाचा विचार करताना बाराव्या शतकाच्या आसपास चालुक्यांच्या कल्याणीत बसून विज्ञानेश्वराने आपल्या मिताक्षरा या धर्मशास्त्रग्रंथात लिहिले, की पत्नीलाही द्रव्यात वाटा मिळतो, पण नवऱ्याच्या इच्छेने. तिच्या स्वत:च्या इच्छेने नाही. नऊशे वर्षे झाली. मुंबई राज्यातल्या न्यायालयांनी पुढे जो हिंदू कायदा चालवला त्यात हे तंतोतंत उतरले: बाप आणि मुलगे वाटणी करायला बसले तर आईला मुलाइतका वाटा काढून ठेवायचा, पण वाटणी मागायला ती स्वत: उठू शकत नाही. महाराष्ट्राने 1994 साली आणि पुढे केंद्राने 2005 साली मुलीला जन्मत: सहदायाद केले. लेक वाटेकरी झाली. सून अजून झालेली नाही, आणि गंमत अशी की त्या दोघी म्हणजे एकच बाई असते.

शेतीच्या घरात हे सगळे एका कागदावर दिसते. सातबारा काढून पाहा. कब्जेदाराच्या रकान्यात नवऱ्याचे किंवा सासऱ्याचे नाव, त्यापुढे कित्येकदा 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. बाईचे नाव आलेच तर बहुधा विधवा झाल्यावर, आणि तेही पूर्वी पुष्कळदा 'इतर हक्क' या रकान्यात. जिने त्या वावरात खुरपणी केली, कापूस वेचला, रात्री वीज आली की पाणी दिले, तिचे हक्क इतर. शेतकरी नेते शरद जोशी यांनी हे ओळखले होते. नोव्हेंबर 1986 मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचे अधिवेशन झाले आणि तिथे बायकांनी जमिनीचा विषय मांडला. त्यातून पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम निघाला: ज्या गावात शंभर शेतकरी आपल्या जमिनीचा काही भाग बायकोच्या नावावर करतील, ते लक्ष्मीमुक्त गाव. मला या कार्यक्रमातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. तो भांडण झाल्यावरचा नव्हता. चांगले चालले असतानाच नाव लावा, असे तो सांगत होता. घरच्या लक्ष्मीचे देणे म्हणून ते फेडा, असे सांगत होता. नंतर ग्रामविकास खात्याने गावठाणातल्या घरांच्या नमुना आठवर नवरा-बायको दोघांची नावे लावण्याची मोहीम काढली, 'घर दोघांचे' नावाने. काही गावांत ती मनापासून झाली. काही गावांत ग्रामसेवकाने विचारले आणि घरधन्याने "कशाला, ती काय पळून चाललीय?" म्हटले, तिथेच ती थांबली.

राहते घर किंवा शेतजमीन बायकोला बक्षीसपत्राने द्यायची तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे. स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च त्यावर. हे इथे लिहून ठेवते, कारण खर्च फार येतो हे कारण मी पुष्कळ ऐकले आहे.

आता श्रमाकडे येऊ. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीत घरातली बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे वेळ जात होता, आणि अशी कामे करणाऱ्या पुरुषांचा 97 मिनिटे. जवळपास पाच तास. वर्षाचे 365 दिवस. रविवार नाही, दिवाळी नाही, उलट दिवाळीत जास्त. या तासांना पैशात धरायची वेळ न्यायालयांवर आली ती आधी अपघातांच्या दाव्यांत. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका भीषण आगीत मरण पावलेल्या गृहिणींच्या सेवेची किंमत महिन्याला 3,000 रुपये धरली. जानेवारी 2021 मध्ये त्याच न्यायालयाने पुन्हा सांगितले की गृहिणीच्या कामाला आर्थिक मूल्य आहे आणि ते धरलेच पाहिजे. मला हे निकाल वाचताना नेहमी अस्वस्थ वाटते. बाई मेली की तिच्या कामाची किंमत निघते. जिवंतपणी ती वेगळी झाली, तर त्याच कामाला हिशेबात रकाना नसतो.

म्हणून जून 2023 चा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल मला मैलाचा दगड वाटतो. नवरा सौदी अरेबियात नोकरीला, बायको गावी घर आणि मुले सांभाळणारी. त्याने पाठवलेल्या पैशातून मालमत्ता झाली. ती माझ्याच कमाईची, असा त्याचा दावा. न्यायालयाने म्हटले की, तिने घर सांभाळले म्हणून तो निर्धास्तपणे कमवू शकला. तिने थेट पैसे घातले काय किंवा घरकामातून हातभार लावला काय, दोघांच्या प्रयत्नांतून घेतलेल्या मालमत्तेत ती समान वाट्याची हक्कदार आहे. हे वाचताना मला कोकण दिसले. गिरणीत नाहीतर गोदीत चाकरमानी, गावी त्याची बायको. तो मनिऑर्डर पाठवायचा. ती भात लावायची, म्हातारी माणसे जगवायची, गुरे राखायची, गडगा घालायची. मुंबईची खोली त्याची, गावचे घर त्याच्या बापाचे, आणि चाळीस वर्षांनंतर तिच्या नावावर फार तर गॅसचे कनेक्शन. अर्थात एका उच्च न्यायालयाच्या एका निकालाने देशाचा कायदा बदलत नाही, आणि त्या निकालावर भिस्त ठेवून कोणी महाराष्ट्रात दावा लावायला निघाले तर पुस्तकातले संबंधित प्रकरण नीट वाचून निघावे.

न्याय्य म्हणजे नेहमी निम्मे का? या पुस्तकाशी माझे थोडे मतभेद आहेत ते इथे. लेखिका निम्म्याच्या बाजूने ठाम आहेत. मी सुरुवात निम्म्यापासून करावी या मताची आहे, पण शेवट तिथेच व्हावा असे नाही. आठ महिने टिकलेल्या लग्नात आजोबांच्या वाड्याचे दोन भाग करणे न्याय नव्हे. मुले जिच्याकडे राहणार तिला छप्पर आधी हवे, मग निम्म्याहून जास्त गेले तरी. इंग्लंडमध्ये 2000 साली हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर एका शेतकरी जोडप्याचा खटला आला. तीस-बत्तीस वर्षे दोघांनी मिळून डेअरी चालवली होती, आणि खालच्या न्यायालयाने बायकोला तिच्या गरजेपुरते देऊन मोकळे केले होते. लॉर्ड्सनी सांगितले की, पैसे कमावणारा आणि घर-मुले सांभाळणारा यांच्यात भेदभाव करायचा नाही, आणि समान वाटणीच्या मापाने आपला निर्णय तपासून पाहायचा. समानतेपासून दूर जायचे तर तसे सबळ कारण हवे. मला ही रीत पटते. तिच्यात कारण देण्याची जबाबदारी बायकोवर पडत नाही. निम्म्याहून कमी का देतोस, हे त्याला सांगावे लागते. हेच माप उलटही लागू होते. माझ्यासमोर असा एक तरुण बसला होता, ज्याने फ्लॅटचे हप्ते भरले आणि फ्लॅट बायकोच्या एकटीच्या नावावर, कारण महाराष्ट्रात स्त्री खरेदीदाराला मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे आणि ती वाचवायची होती. त्याचे नाव कुठेच नव्हते. त्या बंबवाल्या बाईंइतकाच तोही कागदाने हरवला होता, आणि त्याला हसणाऱ्या नातेवाइकांचा मला राग आला.

वाटणी करायला बसले की वाद घराचा असतो, पण सहसा घर कोणाचे नसून बँकेचे असते. दोघे सहकर्जदार असतील तर घटस्फोटाने बँकेला काही फरक पडत नाही. न्यायालयातल्या संमतीच्या अटींत "हप्ते नवरा भरेल" असे लिहिले तरी त्याने थकवले की बँक तिच्याही दारात येते. म्हणून आधी कर्ज एकाच्या नावावर करून घ्यावे, मग हक्कसोडपत्र. उलट क्रमाने केलेले अनेक जण नंतर माझ्याकडे रडत आले. सोसायटीच्या भागपत्रावर नाव असणे, नामनिर्देशन असणे आणि मालकी असणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. घर सासऱ्यांच्या नावावर असेल तर? 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला. ते घर नवऱ्याच्या मालकीचे किंवा भाड्याचेच असले पाहिजे, हा 2006 पासून रूढ झालेला अर्थ सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2020 मध्ये चुकीचा ठरवला. पण तो राहण्याचा हक्क आहे. भिंत मिळते, विटेची मालकी नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये, नागपूरहून सुरू झालेल्या एका पोटगीच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांनी आपली मालमत्ता, उत्पन्न आणि देणी यांचे सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यावे असे बंधन घातले. कारण पोटगीचे असले तरी त्या प्रतिज्ञापत्राने एक मोठे काम केले: वीस वर्षे संसार करून नवऱ्याच्या नावावर नेमके काय आहे, हे कित्येक बायकांना त्या दिवशी पहिल्यांदा कळते.

सोने, भविष्यनिर्वाह निधी, मुलांच्या नावावरच्या ठेवी, अमेरिकेत गेलेल्या जोडप्याचा पुण्यातला फ्लॅट, यांवर पुढे स्वतंत्र प्रकरणे आहेत, म्हणून मी तिकडे जात नाही. कॅलिफोर्नियात लग्नानंतरची कमाई दोघांची निम्मी निम्मी धरतात, हे तिकडे राहणाऱ्या मराठी जोडप्यांना चांगले माहीत असते. तीच जोडपी इकडच्या जागेबद्दल बोलताना चटकन "ती बाबांनी माझ्या नावावर घेतलीय" म्हणतात.

काडीमोड हा आपला जुना शब्द. गवताची काडी मोडली की झाले. काडी मोडायला क्षण लागतो. त्या दोघांनी मिळून शाकारलेल्या छपराचे काय करायचे, हे ती काडी सांगत नाही. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी एक जोडपे परस्परसंमतीने वेगळे व्हायला आले. दोघेही चाळिशीच्या पुढचे, लहानसा छापखाना चालवणारे. वकिलांना बाहेर बसवून त्यांनी माझ्या टेबलावर चौकटीची वही उघडली आणि दोन रकाने पाडले. यंत्र, घर, एक एलआयसी, तिची आईकडून आलेली बोरमाळ जी यंत्रासाठी गहाण पडून शेवटी बुडाली. बोरमाळ त्यांनी आजच्या भावाने धरली. तासभर शांतपणे चालले. मग बेरजा झाल्या, आणि तिच्या रकान्याची बेरीज बरीच कमी निघाली. ती काही बोलली नाही. पेनाचे टोपण लावून पर्समध्ये ठेवायला लागली. त्याने वही आपल्याकडे ओढली. थोडा वेळ बघत राहिला. मग तिच्या रकान्यात खाली नवी ओळ लिहिली: 'आईचे आजारपण, 14 महिने.' आणि समोरची चौकट मोकळी ठेवून त्याने वही तिच्याकडे सरकवली.

"इथे किती लिहू?" त्याने विचारले.